मुलांच्या चांगल्या सवयी: बक्षिसाशिवाय गोडी कशी लावायची?

रानजाई
नमस्कार मंडळी. विषय जुनाच आहे पण मला नेमकं जे विचारायचंय ते कुठे सापडलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. मुलगी साडेपाचची, मुलगा आठचा, आम्ही नाशिकला. दात घासणं, भाज्या खाणं, संध्याकाळी बाहेर खेळणं आणि वेळेवर झोपणं, ह्या चारच गोष्टी, बाकी फार अपेक्षा नाही माझी. मुलीच्या वर्गातून सगळ्यांना एक तक्ता दिलाय, भाजी खाल्ली की एक स्टार, दात घासले की एक स्टार, वीस स्टार झाले की गिफ्ट. सुरुवातीला घरात जाम उत्साह होता. आता काकडीचा तुकडा तोंडात घालायच्या आधी ती विचारते ह्याचे किती स्टार, आणि तक्त्यात रविवारची चौकट नाही म्हणून रविवारी ब्रशला हातच लावत नाही. तिचं बघून मुलगा म्हणतो मला काय मिळणार मग, नाहीतर मी का करू.
मला मनापासून वाटतं की गंमत त्या कामातच असायला हवी, काम झाल्यावर हातात पडणाऱ्या वस्तूत नको. पण रात्री साडेनऊला पेंगुळलेल्या पोराला दात घासण्यात गंमत कुठून आणायची? तुमच्या घरी जे खरंच चाललंय ते सांगा. यूट्यूबवरचे सल्ले नकोत, ते सगळे बघून झालेत.

सांजवात
रानजाई, मी बालवाडीत शिकवायचे, आता निवृत्त आहे. तीन ते सहा वयाची पोरं वर्षानुवर्षं जवळून बघितली त्यावरून सांगते. आपण मोठी माणसं समजतो की मुलांना मजा म्हणजे गाणी, रंगीत चित्रं, कार्टूनचा ब्रश. ते आवडतंच त्यांना, पण त्याहून जास्त आवडतं ते खरं काम. खोटं खोटं नाही, खरं. ज्याचा घरात उपयोग होतो असं.
थंडीत आमच्याकडे मटार सोलायचा कार्यक्रम असायचा. सतरंजीवर मधोमध शेंगांचा ढीग आणि प्रत्येकाच्या पुढ्यात वाटी. शेंग उघडायची, आतले दाणे मोजायचे, कुणाच्या शेंगेत नऊ निघाले की तो ओरडणार आणि मग सगळी उठून त्याच्याभोवती गोळा, खरंच नऊ आहेत का बघायला. एखाद्या शेंगेत अळी निघाली तर मग विचारूच नका, त्या दिवशी मोजणं बंद. आणि मोजता मोजता निम्मे दाणे पोटात जायचे. एक मुलगी होती, डब्यात मटारची उसळ आली की एकेक दाणा बोटाने कडेला सारायची, तीच सतरंजीवर मूठभर कच्चे दाणे मिटक्या मारत खायची. तिला कुणी खा म्हटलं नव्हतं ना, म्हणून. (एक काळजी घ्यायची, चार वर्षांच्या आतल्यांना शेंगा उघडायला द्या पण दाणे ठेचूनच द्या, अख्खे मटार, शेंगदाणे, द्राक्षं ह्या वयात घशात अडकू शकतात.)
तुझी दोघं मोठी आहेत. मेथी निवडणं, गवार मोडणं, कोशिंबिरीचं लिंबू पिळणं, पानं घेणं, पाणी वाढणं हे त्यांचं काम म्हणून देऊन टाक. मधे मधे हात घालून नीट करून देऊ नकोस, काड्या राहिल्या तर राहू देत.
आणि दुसरं, हे मी नातवंडांवर चालवते. भोंडल्याला खिरापत ओळखायची असते ना! डबा कानाशी धरून हलवायचा, गोड का तिखट, ओली का कोरडी, कुठल्या अक्षरापासून सुरू, भाजून का तळून. आणि डबा उघडल्यावर आत काही का निघेना सगळे हात पुढे येतात. तर रात्रीची भाजी झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि ताटं वाढायच्या आधी ओळखायला लावायची. 'वेलीवर लोंबते, सापासारखी दिसते, आत बिया', पडवळ! जो ओळखेल तो झाकण उघडणार आणि सगळ्यांना वाढणार. बक्षीस काही नाही, वाढायचा मान हेच. दुसऱ्या दिवशी कोडं पोरांनी घालायचं, म्हणजे त्यांना भाजी चिरताना बघायला यावंच लागतं.

गडवाट
थोडा वेगळा सूर लावतो. प्रत्येक गोष्ट मजेची कशाला पाहिजे? दात घासायचे म्हणजे घासायचे. आम्ही चार भावंडं, आईला कोडी घालायला वेळ नव्हता, ताटात पडेल ते खायचो. आज पोरांना सगळं गोडगोड करून दिलं तर उद्या ज्यात मजा नाही ते काम ही मुलं करणारच नाहीत असं मला वाटतं. शिस्त हा शब्द वाईट नाही.

रानजाई
गडवाट, शिस्त नको असं नाहीच म्हणत मी. दात घासायचे हे ठरलेलंच आहे, त्यावर चर्चा नाही. पण रोज रात्री रडारड करून घासले तर त्याच्या डोक्यात दात घासणं आणि आईचा चढलेला आवाज हे एकत्रच बसणार ना. मग तो हॉस्टेलला गेला की पहिलं काय सोडेल?
सांजवात, खिरापतीची आयडिया फारच आवडली, आजच करते. आज दुधी आहे :)

कृष्णाकाठ
मी दातांचा डॉक्टर, सांगलीकडे प्रॅक्टिस करतो, तर दाताबद्दल सविस्तर लिहितो.
गडवाट म्हणतात ते एका बाबतीत बरोबर आहे, ब्रश करायचा की नाही हा पर्याय मुलाला द्यायचाच नाही. पर्याय कशात द्यायचा? कुठला ब्रश, निळा का हिरवा, बाथरूममध्ये का अंगणात, आधी वरचे का आधी खालचे. एवढं त्याच्या हातात दिलं तरी बरीचशी भांडणं मिटतात.
दुसरी गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला स्वतःला नीट ब्रश करताच येत नाही, हाताची तेवढी सफाई आलेली नसते. ज्याला शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत तो मागच्या दाढा काय घासणार. म्हणून 'आधी तू, मग मी'. त्याची पाळी झाली की मोठ्या माणसाने मागे उभं राहून, मुलाचं डोकं आपल्या पोटाशी टेकवून, आरशात बघत घासायचं. समोर उभं राहून घासलं तर काही दिसत नाही आणि मूलही मान फिरवतं. दोन मिनिटं सकाळी, दोन मिनिटं रात्री. रात्रीचं जास्त महत्त्वाचं कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातावर राहिलेली साखर तशीच राहते. ब्रश झाल्यावर दूध नाही, फक्त पाणी.
मजेसाठी मी पालकांना सांगतो की आज काय काय खाल्लं त्याची शोधाशोध करा. 'अरे इथे पोळीचा तुकडा लपलाय, इकडे चिक्की, ही बघ पळाली वरच्या मजल्यावर'. मूल आपोआप आ करून उभं राहतं कारण त्यालाही ऐकायचं असतं चिक्की कुठे सापडली. दोन मिनिटं कधी जातात कळत नाही.
एक हात जोडून विनंती, 'दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील' असं कृपा करून सांगू नका. अशी घाबरलेली मुलं माझ्या खुर्चीत तोंडच उघडत नाहीत. आणि दुधाचे दात काय पडणारच आहेत, हे तर डोक्यातून काढूनच टाका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, त्या किडून लवकर काढाव्या लागल्या की खालून येणाऱ्या दाताची जागा जाते.

चौकस
स्टार तक्त्याबद्दल. ह्यावर मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग आहे, १९७३ चा, अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनी केलेला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं की सोनेरी चांदणी आणि रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता अचानक दिलं. काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांवर तसा परिणाम नव्हता. म्हणजे त्रास बक्षिसाचा नाही, सौद्याचा आहे. रानजाईंच्या मुलीचं 'ह्याचे किती स्टार' हे तेच.
खाण्याबद्दलही आहे. लिअॅन बर्च ह्या बाईंनी १९८४ मध्ये दाखवलं की एखादं पेय प्यायलं की बक्षीस असं केलं तर मुलांना ते पेय आधीपेक्षा कमी आवडायला लागतं. मुलाचा हिशोब सरळ असतो, ज्यासाठी मला लाच देतायत ते वाईटच असणार. 'भाजी संपव मग आइस्क्रीम' ह्यात आपण भाजीची किंमत उतरवतो आणि आइस्क्रीमची चढवतो.
पण दुसरी बाजूपण सांगायला हवी. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी शाळेतल्या लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात, नावडत्या भाजीचा नुसता एक घास चाखला की छोटं स्टिकर, असं रोज केलं तर ती भाजी मुलांना जास्त आवडायला लागली आणि ते नंतरही टिकलं. तेव्हा सरसकट स्टार वाईट असं नाही म्हणता येणार. जे मुळात आवडतंय त्यावर बक्षीस लावू नये, खायच्या गोष्टीसाठी खायचंच बक्षीस देऊ नये, आणि पोटभर संपवण्यासाठी न लावता चाखून बघण्यापुरतं ठेवावं. नवीन भाजी मुलाने आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखेपर्यंत आवडत नाही आणि आपण तिसऱ्या वेळी म्हणतो आमच्याला नाहीच आवडत पालक.

आजीबाई
आमच्या घरी सून हे सगळं नीट सांभाळते पण शेजारपाजारचे, पाहुणे येताना बिस्किटाचे पुडे आणि कुरकुरीत पाकिटं घेऊन येतात त्याचं काय करायचं? नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. मी आता येणाऱ्यांना आधीच फोनवर सांगते की पोरांसाठी काही आणायचंच असेल तर येता येता पेरू, बोरं, चिंचा, कणसं आणा. पाहुण्याने आणलेला पेरू नातू जास्त आवडीने खातो, घरात तसलाच पेरू परडीत पडून असतो तो नाही खात. तिखटमीठ लावून कापून ठेवायचा आणि काही बोलायचं नाही बस.

निशिकासाईकर
मी तोक्योला राहतो, मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत आहे. इथलं थोडं सांगतो.
जपानमध्ये २००५ पासून मुलांच्या आहारशिक्षणाचा कायदाच आहे, शोकुइकु म्हणतात. पण कायद्यापेक्षा शाळेतलं दुपारचं जेवण बघण्यासारखं. डबा नाही, शाळेतच शिजतं आणि मुलंच वाढतात. पाळीपाळीने पांढरा डगला आणि टोपी घालून ही टीचभर पोरं वर्गात सूपचं पातेलं आणतात, सगळ्यांना वाढतात, सगळे थांबतात, मग एकदम सुरुवात. बाईही वर्गात बसून तेच जेवतात. माझी मुलगी घरी गाजराला हात लावायची नाही, शाळेत खाते कारण ज्याने वाढलं तो तिचा मित्र आणि उद्या तिची पाळी आहे. सांजवात ताई म्हणतात तो वाढायचा मान, अगदी तोच.
आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसहाला गल्लीतल्या बागेत रेडिओ लावून व्यायाम असतो, राजिओ ताइसो. १९२८ मध्ये सुरू झालं म्हणे आणि त्याचं संगीत सगळ्यांना पाठ, त्यामुळे आजोबांपासून पहिलीच्या पोरापर्यंत सगळे एका तालात हात वर. मुलांच्या गळ्यात कार्ड असतं, आलं की शिक्का. चौकस, म्हणजे इथेही शिक्का आहेच बघा. पण मी बघतो ना, शिक्का मारून झाला तरी मुलं घरी जात नाहीत, तिथेच किडे पकडत बसतात. शिक्क्याने बागेपर्यंत आणलं असेल, थांबतात ती मित्रांमुळे.

फास्टलोकल
सगळं वाचलं आणि खरं सांगू का थोडं वाईट वाटलं. डोंबिवलीला राहते, वन बीएचके, ऑफिस अंधेरीला. घरी पोचेपर्यंत आठ. मुलगा सात वर्षांचा, शाळेनंतर पाळणाघरात असतो, तिथे टीव्ही चालू असतो. मटार सोलायला सतरंजी कधी अंथरू? नवऱ्याची शिफ्ट. मला ह्यातलं काहीतरी एक सांगा जे आठ ते दहा ह्या वेळात बसेल.

सांजवात
अगं बाई, वाईट वाटून घेऊ नकोस, ह्यातलं सगळं कुणीच करत नाही. तू एकच धर. स्टेशनवरून येताना पाळणाघरातून त्याला घेतेस ना? लिफ्ट सोडा, जिना चढा. पायऱ्या मोजत, एक पायरी सोडून, उलट्या क्रमाने, पाढे म्हणत, जसं सुचेल तसं. घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे ते दोघांनी एकाच नळाखाली, तुझे हात त्याने धुवायचे आणि त्याचे तू. वीस सेकंद सहज होतात आणि दिवसभरानंतर तेवढाच हात हातात येतो. कुकर लागेपर्यंत काकडी-टोमॅटो त्याला धुवायला दे. झालं की. रविवारी जमलं तर मटार.

गडवाट
फास्टलोकल, एक सुचवतो. तुमच्या बिल्डिंगमध्ये अशी आणखी घरं असतीलच. आमच्या सोसायटीत दोन-तीन जणांनी मिळून शनिवार-रविवार खाली लगोरी, डबा ऐसपैस, लंगडी, विषामृत सुरू केलं. लगोरीला काय लागतं, फुटलेल्या फरशीचे सात तुकडे आणि एक रबरी बॉल. एकच मोठा माणूस खाली उभा असतो, आळीपाळीने. आधी पोरं मोबाईल घेऊन कठड्यावर बसायची, आता पार्किंगमधल्या गाड्यांवरून आरडाओरडा होतो म्हणून कमिटीची नोटीस आली, मग आम्ही कमिटीच्या दोघांना खेळायलाच बोलावलं. नोटीस गेली.
आणि हो, मी शिस्तीचं बोललो त्यावर ठाम आहे पण लगोरी खेळताना पोरांना पळा असं सांगावं लागत नाही हे मात्र मान्य. पाच ते सतरा वयाला रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, लगोरीत तो तास कसा जातो कळत नाही. शिवाय उजेडात बाहेर खेळल्याने चष्मा लागायचं प्रमाण कमी होतं. तैवानने त्यासाठीच २०१० पासून शाळांना मुलांना रोज दोन तास बाहेर काढायला सांगितलंय.

अबोली
एक बाजू राहिलीय म्हणून लिहिते. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याला ब्रशचा स्पर्श, पेस्टचा फेस, पुदिन्याची चव ह्याचा खरोखर त्रास होतो, तो हट्ट नसतो. कुणाकुणाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, कुणाला भातात लागलेली मोहरी. अशा मुलांना 'चाखून तर बघ' हेसुद्धा डोंगराएवढं असतं. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने सुरुवात नुसत्या ओल्या कापडाने करायला सांगितली, मग बोटात घालायचा मऊ ब्रश, मग साधा ब्रश कोरडाच, पेस्ट सगळ्यात शेवटी आणि तीही फेस न येणारी, बिनवासाची. आणि रोज तोच क्रम, तीच वेळ, भिंतीवर चित्रं लावून. त्याच्यासाठी पुढे काय होणार हे आधी माहीत असणं हीच मजा आहे, खिरापतीसारखं अचानक काही त्याला नाही चालणार. ज्यांच्या घरी मूल ठराविक दोन-तीनच पदार्थ खातं, वजन वाढत नाही, त्यांनी खेळ करत न बसता आधी डॉक्टरांना दाखवा.

रानजाई
अबोली, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलीच्या वर्गात असा एक मुलगा आहे, तक्त्यात त्याचे स्टार सगळ्यात कमी आणि तो तक्ता वर्गात भिंतीवर लावलाय. हे मी आता पालकसभेत बोलणार आहे, आणि बाईंना त्याऐवजी वर्गाने मिळून एक डबा करता येईल का ते सुचवणार आहे, कुणी काकडी आणायची कुणी मोड आलेले मूग कुणी लिंबू, आणि वर्गातच कोशिंबीर.
इकडचं सांगायचं तर दुधी ओळखायला दोघांनाही जमलं नाही, 'हलवा पण होतो' म्हटल्यावर मुलगा गाजर गाजर करून नाचला. खाल्ला दोघांनी, मुलीने दोन घास, पण स्टार विचारला नाही. आता झोपेचं सांगा कुणीतरी.

चौकस
झोपेला मजा आणायचीच नाही, झोपेच्या आधीच्या तासाला आणायची. तीन ते पाच वयाला दहा ते तेरा तास आणि सहा ते बाराला नऊ ते बारा तास झोप लागते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं शिक्षण खात्याने काढलं ते ह्याच कारणाने, मुलांची झोप होत नाही म्हणून. पण नऊची शाळा झाली म्हणून आपण झोपायला साडेदहा केले तर काय फायदा. आमच्याकडे जेवण झालं की मोठा दिवा बंद, छोटा दिवा चालू, सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, माझापण. मग गोष्ट. रोज नवीन गोष्ट लागत नाही, उलट तीच तीच हवी असते, मुलं पुढची वाक्यं स्वतःच म्हणतात आणि म्हणता म्हणता झोपतात.

फास्टलोकल
जिना सुरू केलाय. पाचवा मजला आहे. मुलगा वर पोचून माझी वाट बघत थांबतो आणि मी किती दमले ते मोजतो. पाळणाघरातल्या मावशींशी पण बोलले, साडेपाच ते साडेसहा टीव्ही बंद ठेवून खाली न्यायला त्या तयार आहेत, आणखी दोन आयांनी हो म्हटलंय. गडवाट, ती विषामृताची नियमावली लिहाल का प्लीज, मावशी बंगालच्या आहेत त्यांना खेळ माहीत नाही.

गडवाट
लिहितो. एकावर राज्य. तो पळत जाऊन ज्याला शिवेल आणि 'विष' म्हणेल त्याने जागच्या जागी पुतळा होऊन उभं राहायचं. बाकीच्यांपैकी कुणीही येऊन त्याला शिवून 'अमृत' म्हटलं की तो सुटला, पुन्हा पळायला मोकळा. सगळेच्या सगळे पुतळे झाले की राज्य संपलं, ज्याला पहिलं विष मिळालं त्याच्यावर पुढचं राज्य. मुलं दहाच्या वर असतील तर राज्य दोघांवर द्या. आणि खेळायची हद्द आधीच खडूने आखून घ्या, गेटच्या बाहेर कुणी जायचं नाही.

आजीबाई
डॉक्टरसाहेब, एक विचारायचं राहिलं. नातीच्या पेस्टवर फ्लोराइड लिहिलंय, ते लहान मुलांनी गिळलं तर चालतं का? ती स्ट्रॉबेरीची आहे आणि ती चाटूनच खाते.

कृष्णाकाठ
आजी, पेस्ट खायला द्यायची नाही, पण घाबरायचंही कारण नाही, प्रमाण सांभाळलं की झालं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, आणि ट्यूब मुलाच्या हातात न देता मोठ्यांनीच ब्रशवर लावायची. जाहिरातीत ब्रश भरून पेस्ट दाखवतात तसं अजिबात नाही. फ्लोराइड हवंच, त्याने कीड रोखली जाते, ट्यूबवर साधारण १००० पीपीएम असं लिहिलेलं बघून घ्या. चाटायची सवय मोडत नसेल तर स्ट्रॉबेरीची सोडून साध्या चवीची आणा. फक्त चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिकडे राहत असाल आणि तेच पाणी पीत असाल तर आधी तिथल्या दातांच्या डॉक्टरांना विचारून मग पेस्ट ठरवा. तुम्ही कुठे असता?

आजीबाई
आम्ही वाईला. नळाचं पाणी आहे. उद्यापासून ट्यूब वरच्या फळीवर.